गिटारला पेटीचा कपलर: पॉलिफोनिक ऑक्टेव्ह प्लगइन कसं वापरायचं

कपलर असलेली पेटी ज्यांनी वाजवली आहे, त्यांना हा इफेक्ट निम्मा आधीच कळलेला असतो. कपलर लावला की मध्य सप्तकातला सा दाबताना शेजारच्या सप्तकातली सा ची पट्टीही आपोआप खाली जाते. तीन पट्ट्या धरा, तीन जोड्या वाजतात. पॉलिफोनिक ऑक्टेव्ह प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्रॅम) गिटारसाठी हेच करतं: तुम्ही वाजवलेल्या प्रत्येक सुराला खालच्या किंवा वरच्या सप्तकातला जोडीदार देतं, अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक सूर, धरली तरी.

‘तरी’ म्हणायचं कारण असं, की हे पूर्वी सोपं नव्हतं. १९८२ साली आलेलं बॉसचं ओसी-२ हे पेडल एका वेळी एकच सूर धरायचं. कॉर्ड वाजवली की नुसतं गुरगुरायचं. बेसवाले त्या गुरगुरण्यावर आजही खूश असतात, तो भाग वेगळा. कॉर्ड झेपणारं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग २००५ मध्ये आलं.

इथे मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं रीपिच हे प्लगइन धरून सांगतो, कारण ते रीपरसोबतच मिळतं. तुमच्याकडे दुसरं प्लगइन असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

आधी गिटार सुरात लावा आणि थेट ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमधून कोरी रेकॉर्ड करा. पातळी वजा १२ डीबीच्या आसपास पुरे. रिव्हर्ब, डिले, डिस्टॉर्शन काही नको. प्लगइन जे ऐकतं त्या सगळ्याचं सप्तक बदलतं, त्यात पंख्याची घरघरही आली. म्हणून साखळीत रीपिच पहिलं, फार तर त्याच्या आधी हलका कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा). अँप सिम्युलेटर, म्हणजे अँप्लिफायरची नक्कल करणारं प्लगइन, त्याच्यानंतर.

आता रीपिच उघडा. ऑक्टेव्हचा स्लायडर वजा १ वर न्या. ड्रायचा, म्हणजे मूळ आवाजाचा, स्लायडर चढवलेला आहे ना ते बघा. तो खाली असला तर मूळ गिटार गायब आणि फक्त खर्ज ऐकू येतो. मग अल्गोरिदम, म्हणजे सूर सरकवायची पद्धत. तिथल्या यादीत इलॅस्टिकचे काही प्रकार दिसतील. ‘सोलोइस्ट’ एकेकट्या सुरासाठी आणि बोलण्याच्या आवाजासाठी आहे, कॉर्डला तो लावू नका. ‘प्रो’ घ्या. रीपिचमध्येच दुसरा शिफ्टर (सूर सरकवणारा भाग) जोडून तो अधिक १ वर ठेवा आणि त्याचा आवाज बराच कमी करा. मी खालचं सप्तक वजा ६ डीबी आणि वरचं वजा १२ पासून सुरू करतो, पुढचं कान ठरवतात.

पेटीत कपलरची किंमत भात्याला मोजावी लागते, हवा जास्त खाते. इथे किंमत वेळेची आहे. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा, म्हणजे त्याचं एक आवर्तन पूर्ण व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. लहर पुरेशी दिसल्याशिवाय प्लगइनला सूर कळणार कसा? त्यात बफरची, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे जेवढे नमुने एका वेळी हाताळतो त्या तुकड्याची, भर: ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १२८ चा बफर साधारण ३ मिलिसेकंद घेतो, ५१२ चा जवळजवळ १२. एकदा मी हेडफोनमध्ये हाच इफेक्ट ऐकत अख्खं गाणं वाजवलं. नंतर ऐकलं तर हात सगळीकडे तालाच्या पुढे धावलेला, कारण उशिरा येणारा आवाज वेळेवर यावा म्हणून मी नकळत घाई करत होतो. तेव्हापासून कोरी गिटार ऐकत वाजवतो आणि इफेक्ट नंतर चढवतो. रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकवर तो उशीर रीपर स्वतःच भरून काढतं.

खरी मेहनत कॉर्डच्या आकारात आहे, आणि तिथे प्लगइन काही करू शकत नाही. उघड्या तारांची नेहमीची जी मेजर घ्या. सहाव्या तारेवर जी, ९८ हर्ट्झ. पाचव्या तारेच्या दुसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) बी, १२३. एक सप्तक खाली गेले की हे दोघे ४९ आणि ६२ वर येतात. इतक्या खाली दोन सूर असे जवळजवळ बसले की चिखल होतो. पाचवी तार सहाव्या तारेवरच्या बोटाच्या कडेने हलकेच टेकून मुकी करा, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर तिसरी पट्टी धरा. उरले फक्त जी आणि डी. बी गेल्याने ती आता पूर्ण मेजर राहत नाही, पण खालचं सप्तक एकदम स्वच्छ उभं राहतं.

गाण्यात बेस गिटार असेल तर आणखी एक काम. ट्रॅकच्या तीन प्रती करा: मूळ, खालची, वरची. खालच्या आणि वरच्या प्रतीत रीपिचचा ड्राय बंद. आता प्रत्येकीला वेगळा इक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारं प्लगइन) लावता येतो. जाड तारेचं खालचं सप्तक ४१ हर्ट्झवर पडतं, म्हणजे बेसच्या सगळ्यात जाड तारेच्या नेमकं डोक्यावर. म्हणून खालच्या प्रतीला ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट द्या, म्हणजे त्याखालचं कापा, आणि ती डाव्या-उजव्या स्पीकरच्या मधोमधच ठेवा. वरची प्रत कर्कश वाटली तर ५-६ किलोहर्ट्झच्या वरचं कापा; ती हवी तर थोडी बाजूला सरकवा. तिन्ही मिळून पातळी वाढते, तेव्हा इफेक्ट चालू-बंद करून ताडताना आवाज सारखा करून घ्या. नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

ऑर्गनसारखा आवाज हवा असेल तर खालचं-वरचं दोन्ही ठेवा, व्हॉल्यूमच्या नॉबने तारेचा पहिला ठोका गिळा आणि मागे रोटरी इफेक्ट (फिरत्या स्पीकरचा भास देणारा) जोडा. बारा तारांच्या गिटारचा भास हवा असेल तर फक्त वरचं सप्तक, ५-६ सेंट (एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट) इकडेतिकडे सरकवलेलं. खऱ्या बारातारीत जाड चार तारांनाच वरच्या सप्तकाची जोडी असते, बारीक दोन तारांच्या जोड्या एकाच सुरात असतात. त्यामुळे या आवाजात बारीक तारांवर फार रेंगाळलात, तर नुसता किणकिणाट होतो.