कुत्रा जेवत नाही, पोट बिघडलंय? कोकणातल्या घरांनी या चुका टाळा

वाटी तशीच भरलेली दिसली की घरात दोन मतं पडतात. कोणी म्हणतं, लाडावलाय, भूक लागली की खाईल. कोणी बांगड्याचं कालवण भातावर ओतून बघतं. कालपासून त्याच्या पोटात काय काय गेलं, हे मात्र कोणी विचारत नाही. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपले कुत्रे दिवसभर मोकळे असतात, अंगणात, बागेत, पुळणीवर. त्यांचं निम्मं खाणं वाटीबाहेरच होतं. म्हणून औषधाआधी हा शोध घ्यायचा. बहुतेक वेळा काही नवीन देण्यापेक्षा काहीतरी बंद करणंच जास्त उपयोगी पडतं.

आजाराला नखरे समजणं

भात नाकारतो पण बिस्किटावर उडी मारतो, खेळतो, पाणी पितो, शी नीट होते, तर ती सवय समजा. वाटीजवळ येतो, हुंगतो, घास तोंडात घेऊन टाकून देतो, तर त्याला खायचंय पण जमत नाहीये. तोंड उघडून बघा. दाढेत काटा अडकलेला असतो, हिरडी सुजलेली असते. काजूच्या दिवसांत ओल्या बिया चघळल्या असतील तर टरफलातल्या चिकाने तोंड भाजतं. बिया सोलताना आपल्या हाताची सालं निघतात, तिथे त्याच्या जिभेचं काय होत असेल!

आवडीची वस्तूही नको म्हणून कोपऱ्यात पडून राहिला, तर ताप बघा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्यापेक्षा गरम लागला म्हणजे ताप आलाच असं नाही. थर्मामीटर गुदद्वारात लावूनच खात्री होते. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा. गोचिडांच्या तापात भूक जाणं हे सुरुवातीचं लक्षण असतं. मे महिन्याच्या उकाड्यात मात्र धडधाकट कुत्राही कमी खातो. त्याला पहाटे आणि दिवेलागणीनंतर जेवण द्या, दुपारी आग्रह नको.

रापणीच्या जागी आणि आंब्याखाली मोकळं सोडणं

आपल्याकडची सगळ्यात गंभीर प्रकरणं इथून येतात, आणि ती टाळणं पूर्ण आपल्या हातात आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झालं की नको असलेली मासळी वाळूतच टाकली जाते. त्यात केंड, म्हणजे फुग्यासारखा फुगणारा मासा, असू शकतो. त्यातल्या टेट्रोडोटॉक्सिन या विषावर उतारा नाही, आणि ते शिजवूनही जात नाही. लाळ गळणं, उलटी, मागचे पाय लटपटणं, मग श्वासाला त्रास. पुळणीवरून आलेला कुत्रा असा दिसला तर घरी काही करत बसू नका, तडक डॉक्टर गाठा. मेलेल्या मासळीबरोबर वाळू पोटात जाते, तहानेने समुद्राचं पाणी प्यायलं जातं. त्यानेही जुलाब आणि उलट्या होतात. फिरायला जाताना पाण्याची बाटली आणि पट्टा बरोबर हवाच.

दुसरं संकट आंब्याचा बाठा. गोडीपायी कुत्रा तो अख्खा गिळतो. बाठा जठरात बरेच दिवस पडून राहू शकतो आणि मग आतड्यात अडकतो. परत परत उलटी, पोटाला हात लावू न देणं, शी बंद होणं ही त्याची लक्षणं. एक्स-रेत बाठा नेहमी स्पष्ट दिसत नाही, म्हणून ‘आंबे खाल्लेत’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. फणसाच्या आठळ्यांचंही तेच. बाठे आणि आठळ्या झाकणाच्या बादलीत टाका.

घरचा उतारा

दूध-पाव देऊ नका. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही, जुलाब वाढतात. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन त्यांना विषारी ठरू शकतात, आणि जुलाब थांबवायची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मोठा, एरवी निरोगी कुत्रा असेल तर 12 तास जेवण बंद ठेवा, पाणी थोडं थोडं चालू ठेवा. नंतर पेजेसारखा मऊ भात आणि हाड-कातडी काढून उकडलेली कोंबडी, दिवसातून चार वेळा, थोडी थोडी. मीठ, तेल, तूप, मसाला काही नाही. दोन-तीन दिवसांत शी बांधून आली की नेहमीच्या जेवणावर हळूहळू या. पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका, त्याची रक्तातली साखर पटकन उतरते. लस न झालेल्या पिल्लाला उलटीबरोबर रक्ताचे जुलाब झाले तर तो पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो. त्यात एक रात्रसुद्धा महाग पडते. ही लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून सुरू करून 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी द्यायची असते.

पावसात दुर्लक्ष

कोरड्या खाण्याची पिशवी उघडी राहिली की आठवड्यात वास धरते. बुरशी आलेलं खाणं यकृत खराब करतं, वरवरचं काढून उरलेलं देऊ नका. लहान पिशवी आणा, घट्ट डब्यात ठेवा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आपल्या भागात माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो: ताप, उलटी, डोळे-हिरड्या पिवळ्या. अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा आणि लसीबद्दल पावसाआधीच विचारा. डांबरासारखी काळी शी आणि फिकट हिरड्या दिसल्या तर अंकुशकृमींची, म्हणजे रक्त पिणाऱ्या जंतांची, शंका घ्या. बाहेर हिंडणाऱ्या मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, वजन करून जंताचं औषध द्यावं.

वाटीत रोज नवा पदार्थ

भात सोडला की मासा, मासा सोडला की अंडं, असं दोनदा झालं की कुत्रा थांबायला शिकतो. जेवण ठेवा, वीस मिनिटांनी उचला, पुढच्या वेळेपर्यंत मधे काही नाही. त्यासाठी घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं, नाहीतर आजीची पोळी आणि मुलांची बिस्किटं सगळं फुकट घालवतात. गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येकजण प्रेमाने एकेक मोदक देतो. तेवढं खोबरं स्वादुपिंडाला सूज आणायला पुरू शकतं. मनुका आणि कांदा-लसणीचं वाटण तर कधीच नको. खाणं बदलायचंच असेल तर 7 ते 10 दिवस घ्या, नवीन वाढवत, जुनं कमी करत.

मोठा कुत्रा 24 तास काहीच खात नसेल, पाणीही पोटात ठरत नसेल, शी किंवा उलटीत रक्त असेल, पोट फुगून नुसते उमासे येत असतील, तर थांबू नका. फुगलेल्या पोटाला तर तासांचाही अवकाश नसतो. बरोबर शीचा फोटो, खाल्लेल्या गोष्टींची यादी आणि दिलेल्या औषधांची पाकिटं न्या. तालुक्याचा दवाखाना लांब असेल तर फोन करून डॉक्टर आहेत ना हे विचारा आणि लगेच निघा.