अॅम्बेसेडरमध्ये इसुझू इंजिन बसवताय? कूलिंगच्या या चुका टाळा

जुन्या अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन उतरवून तिथे इसुझूचं १८१७ सीसीचं बसवणं आपल्याकडे चांगलंच रुळलेलं काम आहे. हिंदुस्थान मोटर्सनेही पुढे कॉन्टेसात आणि अॅम्बेसेडरमध्ये हेच इंजिन दिलं. त्यामुळे माउंटिंग, गिअरबॉक्स, शाफ्ट यांची उत्तरं जुन्या मिस्त्रींकडे तयार असतात. कूलिंग मात्र शेवटी घाईघाईत उरकलं जातं, आणि गाडी पहिल्याच घाटात पाणी फेकते. मग खापर फुटतं रेडिएटरवर.

रेडिएटरच्या मोठ्या कोअरवर (आतल्या जाळीवर) पैसे घालण्याआधी गाडी नेमकी कधी गरम होते ते बघा. सिग्नलला काटा चढतो आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरतो, म्हणजे हवा कमी पडतेय. उभ्या गाडीत ठीक, पण खंबाटकी चढताना उकळते, तर पाणी नीट फिरत नाही, रेडिएटर अपुरा आहे किंवा इग्निशन टायमिंग मागे आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडते.

हवेचं आधी. इंजिन बदललं की पंख्याची जागा बदलते. तो रेडिएटरपासून लांब पडतो किंवा मध्यापासून सरकतो. श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, नसेल तर पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो. श्राउड बनवून घ्या आणि पाती साधारण अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवा. इलेक्ट्रिक पंखा लावलात तर रिले आणि फ्यूज हवाच, जुन्या वायरिंगवर तो भार टाकू नका. वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो. पंखा चालू करून जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. ते जाळीला चिकटलं पाहिजे.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे काय गरज?’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा रस्ताही बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो. थंडीत उलट इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडरचा बोअर झिजतो. ८२ अंशांचा चांगला थर्मोस्टॅट बसवा.

रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) फार कमी लोक तपासतात. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, त्यातून पाणी ओढते, त्यामुळे मऊ होज जोरात रेस केल्यावर आत चपटा होतो. कुणाला तरी अॅक्सिलरेटर दाबायला सांगा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून नुसतं बघा. होज दबत असेल तर आत स्प्रिंग असलेला किंवा योग्य वळणाचा मोल्डेड होज घ्या. दोन मापांचे तुकडे क्लॅम्पने जोडून जुगाड करू नका.

बोअरवेलचं पाणी जुन्या इंजिनाने सोसलं, कारण ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे होते. इसुझूचं हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि रेडिएटर पितळ-तांब्याचा. साध्या पाण्यात ही जोडी हेडला खाते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. त्याआधी जुना रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळ्या घालून साफ करून) प्रेशर टेस्टला द्या. रेडिएटरच्या कॅपचा दाब १ पीएसआय वाढला की उकळबिंदू दीडेक अंशाने वर जातो, हे खरं. पण कमी दाबाच्या जुन्या रेडिएटरवर थेट १३ पीएसआयची कॅप चढवली तर डाग दिलेले जोड सुटतात.

भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा आणि हीटरचा कॉक उघडा, म्हणजे हवा अडकणार नाही. गरम इंजिनाची कॅप उघडायची नाही, हे सांगायलाच नको.

राहिला तापमानाचा डायल. जुना डायल आणि नव्या इंजिनाचा सेन्सर यांचा रेझिस्टन्स जुळेलच असं नाही, त्यामुळे काटा खोटं बोलू शकतो. सेन्सर काढून वायरीला जोडा, त्याच्या बॉडीला अर्थ द्या आणि टोक उकळत्या पाण्यात धरा. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. काटा जिथे थांबेल तिथे काचेवर मार्करने खूण करा.