पिक्नोडोंटिडी कुळातील माशाचा दात कसा ओळखावा

धुळे, नंदुरबार किंवा जळगाव जिल्ह्यात हरभऱ्याएवढा गोल, गुळगुळीत खडा सापडला आणि तो पिक्नोडोंटिडी या नामशेष कुळातील प्राचीन माशाचा दात असेल असे वाटले, तर खडा पाहण्याआधी तो ज्यातून निघाला तो खडक पाहावा. खानदेशातील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्हाचा आहे. त्यात मासा टिकणे शक्य नाही, आणि त्यातील गोल पांढरे मणी बहुधा वायूच्या पोकळ्यांत साचलेले झिओलाइट नावाचे खनिज किंवा गारगोटी असतात. तापीकाठच्या गाळातील माशाचे हाडही या कुळाचे नसते, कारण तो गाळ भूशास्त्रीय दृष्ट्या अगदी अलीकडचा आहे, तर हे कुळ इओसीन काळापुढे (५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) टिकलेच नाही. शोध घ्यायचा तो लाव्हाच्या थरांखालच्या किंवा त्यांच्या मधल्या, तळ्यात साचलेल्या चिकणमातीच्या व चुनखडीच्या थरांत. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या, लाव्हाखालच्या ‘लॅमेटा’ नावाच्या थरांतून जीवाश्मशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला याच कुळातील मासा, पिक्नोडस लॅमेटी, अशाच थरातला आहे.

आता सापडलेला खडा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावा. वर चकचकीत पातळ कवच, त्याखाली निराळ्या रंगाचे दंतद्रव्य आणि तळाशी पोकळी दिसली, तर तो दात आहे; खनिजाच्या मण्यात असे थर नसतात, आणि फुटलेल्या झिओलाइटमध्ये पुष्कळदा मध्यापासून फाकलेल्या सुया दिसतात. त्यावर आम्ल मात्र कधीही टाकू नये.

खरी ओळख रांगांवरून पटते. हे मासे थाळीसारखे उंच व चपटे असत आणि कवचधारी प्राण्यांना दातांनी चिरडून खात. त्यामुळे टाळूच्या मधल्या हाडावर लांबट, घेवड्याच्या बीसारख्या दातांची एक मोठी रांग आणि तिच्या दोन्ही बाजूंना लहान दातांच्या रांगा असतात. खालच्या जबड्यातही अशाच समांतर रांगा असतात. काही पाकटांचे दात फरशीप्रमाणे षटकोनी आणि एकमेकांत बसणारे असतात, म्हणून तो गोंधळ सहज टळतो. लेपिडोटिससारख्या दुसऱ्या नामशेष माशांचे घुमटाकार सुटे दात मात्र फसवतात. सुटा एकच दात असेल, तर कुळाचे नाव लिहू नये.

खडा उकरून काढण्यापूर्वी शेजारी मापासाठी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, थर व ठिकाण वहीत नोंदवावे आणि महाविद्यालयातील भूशास्त्राच्या अध्यापकांना दाखवावे.