ताकदीच्या गोळ्या : घरातल्या ज्येष्ठांना काय, किती आणि केव्हा द्यावं

हातपाय गळाले, गुडघे दुखू लागले की मेडिकलवर जाऊन ‘ताकदीची एखादी गोळी द्या’ म्हणायचं, ही जळगाव-धुळ्याकडची नेहमीची पद्धत. मिळते ती बहुधा मल्टिव्हिटॅमिन. तिच्यात सगळं थोडं थोडं असतं आणि ज्याची खरी कमतरता आहे तेच अनेकदा पुरेसं नसतं. म्हणून नवीन काही आणण्याआधी घरातली औषधांची पिशवी खाटेवर उलटी करा.

आधी पिशवी तपासा

प्रत्येक स्ट्रिपची मागची बाजू वाचा आणि घटक कागदावर उतरवा. डी-3 (ड जीवनसत्त्व) कॅल्शियमच्या गोळीत असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, दुधात घालायच्या पावडरीतही असतं. बेरीज केली की दुप्पट-तिप्पट मात्रा उघड होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर त्यावर खूण करा. या दोन्हींमुळे बी-12 कमी शोषलं जातं. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं औषध आणि किडनीचा आजार हेही कागदावर हवं. हा कागद डॉक्टरांना दाखवा.

मग रक्त तपासा

हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-12, 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं ड जीवनसत्त्व), कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एवढं बहुतेकांना पुरतं. गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्या. चार दिवस बी-12 घेऊन तपासलं तर आकडा छान येतो आणि कमतरता कळत नाही.

रक्तवाढीची (लोहाची) गोळी मात्र अंदाजाने कधीच नको. साठीनंतर हिमोग्लोबिन उतरलं तर मूळव्याध, जठरातला अल्सर किंवा आतड्यातली गाठ यातून रक्त जातंय का, हे पाहावंच लागतं. नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तिथे रक्त कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता नसून तांबड्या पेशी लवकर फुटणं हे असू शकतं. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि सिकलसेलची तपासणी आधी, गोळी नंतर.

डी-3 ची पुडी

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल साधारणपणे आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा महिन्यातून एक. पण आठ पुड्या एकदम घरी येतात, आणि रोजची औषधं रोज घ्यायची सवय असलेलं माणूस त्या आठ दिवसांत संपवतं. अशी चूक चालू राहिली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, बोलण्यात गोंधळ. असं दिसलं की पुडी बंद करून डॉक्टरांकडे जायचं.

दिवस ठरवण्यासाठी गावचा आठवडे बाजार धरा. बाजाराचा दिवस म्हणजे पुडीचा दिवस. दुधात टाकून किंवा जेवणानंतर द्या, स्निग्ध पदार्थांबरोबर ती नीट शोषली जाते. पुड्या चालू असताना ‘एकदाच मोठं इंजेक्शन देऊन टाका’ म्हणू नका. वर्षातून एकदा तोंडावाटे 5 लाख युनिट देऊन पाहिलेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत वृद्ध स्त्रियांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं.

बी-12 आणि कॅल्शियम

माळकरी घरात बी-12 मिळतं ते फक्त दूध-दही-ताकातून. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा ही लक्षणं म्हातारपणाच्या खात्यावर टाकली जातात, तिथे घोळ होतो. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांचं नुकसान चालूच राहतं. कमतरता फार असेल तर डॉक्टर आधी इंजेक्शनं देतात. जिलेटिनची कॅप्सूल माळकऱ्यांना चालत नाही. साधी गोळी मागून घ्या.

कॅल्शियमची दिवसाची गरज साधारण 1000 ते 1200 मिलिग्रॅम, तीही आहार धरून. पाव लिटर दुधात सुमारे 300, शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशेच्या आसपास. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत थोडंच. उरलेलं तेवढं गोळीतून. लेबलवरचं ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम 500, आणि एका वेळी त्याहून जास्त देऊन उपयोग नाही. कार्बोनेट जेवणाबरोबर द्या. ॲसिडिटीची गोळी रोज असेल किंवा पोट गच्च होत असेल तर त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेट विचारा. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर कॅल्शियम डॉक्टरांशिवाय नाही.

वेळा

थायरॉइडची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम आणि लोह नाही, म्हणजे कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. लोह दिलं असेल तर संध्याकाळी लिंबूपाण्याबरोबर, चहापासून तासभर लांब. शौचाला काळं होणं त्याने होतं. पण लोह चालू नसताना काळं, डांबरासारखं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

उन्हाळ्यात ठेवायचं कुठे

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेल्या डी-3 च्या मऊ कॅप्सूल चिकटून गोळा होतात. माठाशेजारीही नको, ओलीने पुडी दगड होते. आतल्या खोलीत, जमिनीजवळच्या कपाटात, मूळ पाकिटातच ठेवा.

तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं आणि त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. रक्त देण्याच्या दोन-तीन दिवस आधी केसांची गोळी बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.