पाटी ओळखीची, स्वयंपाकघर परकं: परदेशात फास्ट फूड खाताना या चुका टाळा

दिवसभर म्युझियमं पालथी घालून पायांचे तुकडे पडलेले असतात. तेवढ्यात कोपऱ्यावर ती पिवळी कमान दिसते आणि परक्या गावात कुणी घरचं भेटल्यासारखं वाटतं. फसगत इथूनच सुरू होते.

मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आलं ते बीफ आणि पोर्क वगळून. शाकाहारी पदार्थांची तळणी वेगळी, भांडी वेगळी, मेयोनीज बिनअंड्याचं, वर पाकिटावर हिरवा ठिपका. ही सगळी सोय आपल्यापुरती आहे. तिकडे सहसा ना हिरवा ठिपका, ना मॅकआलू टिक्की.

फ्राइज म्हणजे बटाटाच ना?

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात, कारण शाकाहारी माणूस काहीच नाही मिळालं तर फ्राइजवर भागवतो. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफपासून केलेला स्वाद असतो. कंपनीने १९९० मध्ये ‘आता आम्ही वनस्पती तेलात तळतो’ असं जाहीर केल्यावर कित्येक हिंदू आणि शाकाहारी मंडळींनी निर्धास्तपणे ते खाल्ले. तेल खरंच बदललं होतं, स्वाद तोच राहिला होता. २००१ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये खटला उभा राहिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देत तडजोड केली. ब्रिटनमध्ये मात्र त्याच कंपनीचे फ्राइज शाकाहारी आहेत. म्हणजे लंडनला विचारलेलं उत्तर न्यूयॉर्कला चालत नाही. कंपनीच्या त्या त्या देशाच्या वेबसाइटवर घटकांची यादी असते. ती हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्रीच पाहून ठेवा. काउंटरवरच्या पोराला रांग खोळंबलेली असताना विचारलंत, तर तो बिचारा ‘हो, पोटॅटो’ एवढंच सांगणार.

नावावर जाऊ नका

हॅम्बर्गरमध्ये हॅम नसतं. नाव हॅम्बुर्ग शहरावरून आलंय आणि आत असतं बीफ. ‘आम्ही डुक्कर खात नाही, पण बाकी चालतं’ म्हणणाऱ्यांना हे माहीत असतंच असं नाही. इटलीत उलटी गंमत. अमेरिकेत पेपरोनी म्हणजे पोर्क आणि बीफचं सॉसेज, पण इटालियनमध्ये ‘पेपेरोनी’ म्हणजे चक्क ढोबळी मिरची! तेव्हा पेपेरोनी पिझ्झा दिसला म्हणून शाकाहाऱ्याने लगेच पळ काढू नये. मलेशियात ‘हलाल’ पाटीने पोर्कचा प्रश्न मिटतो, बीफचा नाही.

‘नो मीट’ एवढं सांगून थांबू नका. चिकन आणि मासे ‘मीट’मध्ये न धरणारे लोक जगात भरपूर आहेत. बीफ, पोर्क, चिकन, फिश, एग असं एकेक नाव घ्या. प्लांट-बेस्ड बर्गरची टिक्की वनस्पतीची असली, तरी ती बऱ्याचदा बीफच्याच ग्रिलवर भाजली जाते आणि तिच्यावर अंड्याचं मेयो पडतं. युरोपात अ‍ॅलर्जीचा तक्ता मागा. तिथल्या कायद्याप्रमाणे १४ घटक सांगावेच लागतात. त्यात अंडं, दूध, मासे आहेत, म्हणून अंड्यासाठी तक्ता उत्तम. पण बीफ, पोर्क किंवा जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ) त्या १४ मध्ये नाहीत. तक्त्यात दिसलं नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरवू नका.

पैशांच्या बारीकसारीक चुका

अमेरिकेत बोर्डावरच्या किमतीत बहुतेक ठिकाणी कर धरलेला नसतो. नाणी मोजून पुढे गेलात तर कमी पडतील. कार्ड मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ विचारलं तर स्थानिक चलनच निवडा. रुपये निवडलेत की दर मशीनवाला ठरवतो, आणि तो सहसा तुम्हाला महागात पडतो. जर्मनीत केचपचे वेगळे पैसे पडतात, आपल्यासारखा मूठभर पुड्या उचलायचा रिवाज नाही. अमेरिकेतली कोल्ड्रिंकची फुकट रिफिल फ्रान्समध्ये शोधू नका, तिथे २०१७ पासून गोड पेयांच्या अमर्याद रिफिलवर कायद्यानेच बंदी आहे.

ट्रे कचऱ्यात रिकामा करण्याआधी

ही माझी स्वतःची चूक. पॅरिसमध्ये एका ठिकाणी खाऊन झाल्यावर, शहाण्या पाहुण्यासारखा, मी सगळा ट्रे कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. फ्राइजचा डबा आणि ग्लास दोन्ही आत. मागून एक बाई धावत आली. २०२३ च्या सुरुवातीपासून फ्रान्समध्ये २० हून जास्त बसायच्या जागा असलेल्या रेस्टॉरंटांना तिथेच बसून खाणाऱ्यांसाठी धुऊन वापरायची भांडी द्यावी लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. कचऱ्यातून ती भांडी दोघांनी मिळून काढली. अशी भांडी ठेवायला वेगळा कप्पा असतो. तो शोधा, आणि आठवण म्हणून बॅगेतही घालू नका.

चुकीचं आलंच तर

खाण्याआधी बर्गर उघडून बघा. लाजू नका, तिकडे कुणी बघत नाही. चुकीचं निघालं तर चव न घेता पावतीसकट काउंटरवर न्या. न खाल्लेला बर्गर बहुतेक ठिकाणी मुकाट बदलून मिळतो, अर्धा संपवलेला बदलून घेताना हुज्जत होते. म्हणून पावती चुरगाळून फेकू नका. युरोपात अनेक ठिकाणी संडासाच्या दाराचा कोडही तिच्यावरच छापलेला असतो.