विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा (कोकणात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी)

गणपतीला गावी यायचं म्हटलं की सगळे तिकिटाचा रेट बघतात आणि "सव्वा तासात पोचतोय" म्हणून खूश होतात, पण तो वेळ नुसता विमानाचा असतो, घर ते घर हिशेब वेगळा लावायला लागतो.

सगळ्यात आधी एअरपोर्टचा कोड बघा. गोव्यात दोन एअरपोर्ट आहेत, मोपा म्हणजे जीओएक्स आणि दाबोळी म्हणजे जीओआय, आणि आपलं सिंधुदुर्गातलं चिपी एसडीडब्ल्यू. मोपा ते दाबोळी सरळ रेषेत ४० किमीच भरतं पण मधे मांडवी आणि जुवारी, त्यामुळे रस्त्याने दीड-दोन तास धरायचे. सावंतवाडी-बांद्याकडच्यांनी चुकूनही दाबोळीचं तिकीट काढू नका, दोनशे-चारशे रुपये स्वस्त दिसलं तरी ते टॅक्सीत जातात.

आता अंतर. कॉम्प्युटरवर गूगल मॅप उघडा, एका एअरपोर्टवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि दुसऱ्यावर क्लिक करा, झालं. हाताने पण निघतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, रेखांशाचा आपल्याकडे १०६ च्या आसपास. मुंबई ते चिपी अक्षांशात ३.१ चा फरक म्हणजे ३४४ किमी, रेखांशात ०.६६ म्हणजे ७०, दोघांचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, ३५१ किमी आलं. किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे रेखांशाने फारसा फरक पडतच नाही बघा. ही रीत जवळच्या अंतरालाच वापरा, दुबईसारख्या लांबच्याला मॅपच बरा, कारण पृथ्वी गोल आहे आणि चूक वाढत जाते.

वेळेसाठी किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर अर्धा-पाऊण तास धरा, कारण रनवेपर्यंत जाणं, चढणं, उतरणं हे जवळच्या विमानालाही तेवढंच लागतं. मुंबई-दाबोळी ४२४ किमी, म्हणजे हवेत अर्धा तास आणि वरचा वेळ धरून सव्वा तासाच्या आतबाहेर. पंख्याचं एटीआर विमान असेल तर ५०० ने भागा.

आखातात माणूस असेल तर अजून एक गोष्ट. तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून मुंबईहून ४ ला निघून ५:४५ ला उतरलं तरी प्रवास सव्वातीन तासांचा झाला. कुवेत अडीच तास मागे. येताना बहुतेक वेळा थोडं लवकर पोचतं, वारं पाठीमागून असतं, हिवाळ्यात तर जास्तच.

शेवटी घर ते घर बेरीज करा. अंधेरी ते कुडाळ धरू: एअरपोर्टला दोन तास आधी, त्याआधी ट्रॅफिकचा एक तास, विमान सव्वा तास, बॅग यायला अर्धा तास, मोपाहून टॅक्सी तासभर, म्हणजे पावणेसहा तास झाले की. वंदे भारत साधारण तेवढ्याच वेळात कणकवलीला सोडते. म्हणून कणकवलीवाल्यांनी ट्रेनच बघावी असं मला मनापासून वाटतं, फक्त पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे हळू चालते तेव्हा तो वेळ नव्याने तपासा. खेड-चिपळूणवाल्यांनी मुंबईहून विमानाचा विचारही करू नये. आणि चिपीचं विमान त्या तारखेला आहे का ते आधी बघा, मगच सुट्टी टाका.