कामी आलेल्या पणजोबांचं मेडल: कशासाठी मिळालं, हे कसं शोधावं

ट्रंकेतलं मेडल हातात आलं की पहिला मोह होतो तो चिंच लावून घासायचा. तेवढं करू नका. मेडलच्या कडेवर बहुधा बारीक अक्षरं कोरलेली असतात: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. घासण्यात आधी तीच जातात. मेडल उजेडात तिरपं धरा, भिंगातून वाचा आणि अक्षर न अक्षर वहीत उतरवा. नंबर तर नक्कीच, कारण एका पलटणीत एकाच नावाचे चौघे निघतात.

मग मेडल शौर्याचं की सेवेचं, ते ओळखा. घरोघरी सापडतं ते बहुधा सेवेचं. १९१४ आणि १९१८ ही सालं असलेलं, पंचम जॉर्जच्या मुखवट्याचं चांदीचं मेडल पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या लाखोंना मिळालं. तळहाताएवढी ब्रॉन्झची जाड चकती असेल, तर ते मेडलच नव्हे. ती मृताच्या वारसांना दिली जायची. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. अशा वेळी ‘पराक्रम कोणता?’ हा प्रश्न सोडा आणि पलटण कुठे होती ते शोधा. कडेवर ‘११० मराठा’ दिसलं, तर मेसोपोटेमियातला (आजच्या इराकमधला) कुत शहराचा वेढा आधी तपासा. १९२२मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले, हेही ध्यानात ठेवा.

मेडल शौर्याचं असेल तर सायटेशन, म्हणजे ते कोणत्या पराक्रमासाठी दिलं हे सांगणारा अधिकृत मजकूर, शोधायचं. रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक (हा हुद्दा) यशवंत घाडगे यांचंच बघा. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं सायटेशन नोव्हेंबर १९४४च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, आहे आणि ते ऑनलाइन फुकट वाचता येतं. १० जुलै १९४४, इटली. त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे पडले, तेव्हा हे एकटे मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून शेवटच्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच गेले.

शोधताना स्पेलिंग छळतं. तेव्हाच्या कागदांत ‘मराठा’त ‘आर’आधी ‘एच’ असतो आणि पुढे दोन ‘टी’. आडनावाचीही तीन-चार रूपं टाकून पाहा. आयओएम (इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट) आणि आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) या इंग्रजांच्या काळातल्या शौर्यपदकांसाठी भारत सरकारचं जुनं राजपत्र चाळावं. स्वातंत्र्यानंतरच्या परमवीर, महावीर, वीर चक्रांसाठी संरक्षण मंत्रालयाचं शौर्य पुरस्कारांचं पोर्टल आहे.

काहीच हाती लागलं नाही, तर त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, मेडलचे फोटो आणि नात्याचा पुरावा जोडून पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावात आहे. अर्ज कसा करायचा, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

सायटेशन मिळालं तरी त्यात नेमक्या जागेचं नाव असेलच असं नाही. घाडग्यांच्या सायटेशनमध्ये जागा म्हणून नुसतं ‘इटली’ आहे. बाकीचं पलटणीच्या वॉर डायरीत, म्हणजे युद्धकाळातल्या रोजच्या नोंदवहीत, सापडू शकतं. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये अशा डायऱ्या आहेत. मागवताना मृत्यूच्या तारखेच्या आठवडाभर आधीपासूनची पानं मागवा.